तुमचे प्रश्न : पूल आला की हात घट्ट होतात

गाडी चालवण्याच्या भीतीबद्दल पत्रं मागवली होती. सिग्नल, रिव्हर्स, पार्किंग हे सगळं आलंच, पण ठाणे आणि नवी मुंबईच्या पत्रांत एकच विषय पुन्हा पुन्हा निघाला : पूल. साहजिक आहे. खाडीच्या या काठाला घर आणि त्या काठाला नोकरी असली की पूल चुकत नाही. मानसोपचार, वाहन प्रशिक्षण आणि पूल-बांधणी या तीन क्षेत्रांतल्या जाणकारांनी मिळून ही उत्तरं दिली आहेत.

"नऊ वर्षं गाडी चालवते आहे. दोन वर्षांपूर्वी वाशी खाडीपुलावर संध्याकाळच्या कोंडीत अडकले. अचानक छाती धडधडायला लागली, बोटं बधिर झाली, वाटलं आता इथेच काहीतरी होणार. तेव्हापासून पूल दिसला की पोटात गोळा येतो. ऑफिस चेंबूरला. महिनाभर ऐरोलीवरून फिरून गेले, मग तोही पूल नको वाटू लागला. आता गाडी सोसायटीत उभी आणि मी लोकलने जाते. सगळे म्हणतात, तुला पाण्याची नाहीतर उंचीची भीती असणार. इलाज आहे का?" (कोपरखैरणे)

तुमच्या पत्रातला सगळ्यात कामाचा शब्द 'लोकल' हा आहे. वाशी आणि मानखुर्द यांच्यामध्ये लोकलही तीच खाडी ओलांडते, रस्त्याच्या पुलाच्या शेजारूनच. उलट डब्याच्या दारातून पाणी गाडीतल्यापेक्षा जास्त दिसतं. तिथे तुम्हाला काही होत नाही. म्हणजे पाणी किंवा उंची हे मूळ नव्हे. फरक एवढाच की लोकलमध्ये स्टिअरिंग तुमच्या हातात नसतं. 'मला काही झालं तर गाडी कोण सांभाळणार आणि इथून बाहेर कसं पडणार', भीती आहे ती याची. म्हणजे पुलापेक्षा स्वतःच्या शरीराचाच धसका तुम्ही जास्त घेतला आहे.

त्या दिवशी झालं ते बहुधा असं. कोंडी, उकाडा, उशीर यांमुळे श्वास नकळत जलद आणि वरवरचा झाला. असा श्वास काही मिनिटं चालला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. त्याने मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या थोड्या आकसतात आणि डोकं हलकं वाटतं. बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात. तुम्ही 'बधिर' म्हणता ते हेच. मग माणूस घाबरतो, श्वास आणखी जलद होतो आणि चक्र फिरत राहतं. यालाच पॅनिक अटॅक म्हणतात. तो काही मिनिटांतच शिखराला पोचतो आणि मग ओसरतो. त्यात बेशुद्ध पडण्याची शक्यता फार कमी, कारण तेव्हा नाडी आणि रक्तदाब दोन्ही वर गेलेले असतात आणि साधी भोवळ येते ती रक्तदाब एकदम खाली गेल्यावर. (रक्त किंवा सुई पाहून ज्यांना भोवळ येते त्यांचा रक्तदाब खरोखर खाली येतो. ते प्रकरण वेगळं.)

तरीही आधी फिजिशियनकडे एकदा जाऊन या. रक्तदाब, ईसीजी, हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर एवढं पाहून घ्या. थायरॉइड वाढलेला असला तरी धडधड अशीच होते आणि मग पुढचा सगळा खटाटोप चुकीच्या दाराशी होतो.

आता ऐरोलीचा पूलही का नको वाटू लागला ते पाहू. वाशीचा पूल टाळलात आणि हुश्श वाटलं. मेंदूने त्याचा अर्थ काढला, 'टाळलं म्हणून वाचलो.' मग त्याने तोच नियम पुढच्या पुलाला लावला. लोकलवर आलात तेव्हा वर्तुळ पूर्ण झालं. म्हणून उपाय उलट्या दिशेने जातो : ठरवून, पायरी पायरीने पुलावर परत जायचं आणि मेंदूला नवा अनुभव द्यायचा. मानसोपचारात याला एक्स्पोजर म्हणतात. ठरावीक गोष्टीच्या भीतीवर याच्याइतका तपासून पाहिलेला दुसरा उपचार नाही.

पुलांच्या बाबतीत मात्र एक अडचण आहे, आणि घरच्या घरी प्रयत्न करणारे बहुतेक जण इथेच फसतात. पूल लहान पडतो. ऐरोलीचा पूल साधारण किलोमीटरभर आहे. ताशी ४० च्या वेगाने तो दीड मिनिटात संपतो. वाशीचा पावणेदोन किलोमीटरच्या पुढे, म्हणजे पावणेतीन मिनिटं. भीती चढत असते तेवढ्यात पूल संपतो आणि पलीकडे सुटकेचा निःश्वास निघतो. मेंदू यातून पुन्हा चुकीचाच धडा घेतो : 'पूल संपला म्हणून वाचलो.' रोज एकदा पूल ओलांडून वर्षानुवर्षं भीती तशीच राहिलेली माणसं याच कारणाने सापडतात. त्यामुळे एका बैठकीत एकच फेरी मारून घरी यायचं नाही. लागोपाठ सहा ते आठ फेऱ्या मारायच्या, मध्ये चहाला न थांबता. पाऊण तास ते एक तास धरा, आठवड्यातून तीन-चार वेळा. पलीकडे कुठून वळायचं ते आदल्या दिवशी नकाशात पाहून ठेवा, नाहीतर भीती पुलाची आणि गोंधळ यू-टर्नचा. सोयीची गोष्ट अशी की ऑक्टोबर २०२४ पासून वाशी आणि ऐरोली दोन्ही नाक्यांवर मोटारींचा टोल माफ आहे, म्हणून फेऱ्या मोजून माराव्या लागत नाहीत.

शिडी साधारण अशी लावा. सुरुवात ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या घणसोली-तळवलीकडच्या उड्डाणपुलावर. तिथे पाणी नाही, कठड्यापलीकडे इमारती दिसतात आणि खाली उतरायला वेळ लागत नाही. तो पचला की ऐरोली, रविवारी सकाळी सहा-साडेसहाला, शेजारी कुणीतरी बसलेलं. मग ऐरोली एकटीने. मग वाशी, सकाळी. पुढची पायरी : वाशीला कठड्याकडची डावी लेन. आणि शेवटी तीच जुनी जागा, वाशी पूल संध्याकाळी साडेसहाला, कोंडीत. ही शेवटची पायरी वगळलीत तर काम अर्धवट राहतं. तुमची भीती जन्मली ती कोंडीत, वाहत्या रहदारीत नव्हे.

आत्मविश्वास अगदीच गेला असेल तर पहिल्या दोन-तीन बैठका ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत करा. प्रशिक्षकाच्या पायाशीही ब्रेक आणि क्लच असतो. फक्त आधी सांगा, 'मला चालवता येतं, मला पुलाच्या फेऱ्या हव्या आहेत', नाहीतर तो पहिल्या गिअरपासून शिकवायला लागेल.

एक छोटी वही गाडीत ठेवा. पुलावर जाण्याआधी एक वाक्य लिहायचं : मला काय होईल असं वाटतं? 'हात सुटतील', 'बेशुद्ध पडेन', जे असेल ते नेमकं. पुढे भीतीचा आकडा, शून्य ते दहा. फेऱ्या झाल्यावर लिहायचं : ते झालं का? सगळ्यात वरचा आकडा किती होता? आकडा शून्यावर येण्याची वाट पाहू नका. भीती सहा असतानाही गाडी नीट चालली, हे कळणं जास्त मोलाचं. भाकीत सलग दोन बैठकांत खोटं ठरलं की वरच्या पायरीवर जा.

आणि कुबड्या. ब्लूटूथवर नवऱ्याला लाइनवर धरून ठेवणं, पर्समधली 'असू दे' म्हणून ठेवलेली गोळी, दर मिनिटाला पाण्याचा घोट, ट्रकच्या मागे ताशी २० ने लपून जाणं, श्वास रोखून धरणं. पहिल्या आठवड्यात एखादी चालेल. पण प्रत्येक पायरीवर एक कुबडी काढा, नाहीतर 'फोन चालू होता म्हणून वाचले' असा नवा नियम तयार होतो.

घरी खुर्चीत बसून करण्याचाही एक सराव आहे : मिनिटभर मुद्दाम जलद, खोल श्वास घ्यायचे. डोकं हलकं होईल, मुंग्या येतील, आणि दोन-तीन मिनिटांत आपोआप जातील. दिवसातून तीनदा, आठवडाभर. मुंग्यांचीच भीती गेली की पुलावर घाबरायला फारसं उरत नाही. दमा, हृदयविकार, फिट्स किंवा गरोदरपण असेल तर मात्र हा सराव करू नये.

सहा आठवडे नियमाने करूनही शिडी अडली, किंवा पूल सोडून घरात, दुकानात, लिफ्टमध्येही असे झटके येऊ लागले, तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञाबरोबर हे काम करा. सरकारी सेवेत ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग आहे. ('येड्यांचं हॉस्पिटल' म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी तिथे रोज कोण माणसं येतात ते एकदा पाहावं. तुमच्याआमच्यासारखीच असतात.) फोनवर बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६.

"उलव्याला राहतो, काम शिवडीजवळ. अटल सेतू दारात आहे, पण तिथे थांबता येत नाही, वळता येत नाही. मध्यावर पॅनिक आला तर नेमकं काय करायचं? तत्त्वज्ञान नको, हात-पाय कुठे ठेवायचे ते सांगा." (उलवे)

सांगतो. पण आधी एक हिशेब. सेतू एकूण २१.८ किलोमीटर, त्यातला समुद्रावरचा भाग सुमारे साडेसोळा. ताशी ८० ने हा भाग बारा-साडेबारा मिनिटांचा. वरच्या उत्तरात म्हटलं की पॅनिक काही मिनिटांतच शिखर गाठून उतरू लागतो. म्हणजे शिवडीला भीती सुरू झाली तर ती उतरायलाही याच पुलावर भरपूर वेळ मिळतो. लहान पुलावर मिळत नाही ती गोष्ट लांब पूल देतो. सरावाला तो वाईट नाही, फक्त शिडीच्या वरच्या टोकाला ठेवा.

आता हात-पाय. ब्रेकवर पाय नको. मागचा ताशी १०० ने येतो आहे, तीच तिथली मोटारींची वेगमर्यादा. ॲक्सिलरेटर थोडा सैल करा, आरशात पाहा, इंडिकेटर देऊन डाव्या लेनमध्ये या आणि ६०-७० वर स्थिर राहा. चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावू नका. मागच्याला वाटतं तुम्ही थांबताय आणि तो गोंधळतो. स्टिअरिंगवर हात घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी, अंगठे आत वळवून आवळलेले असतील तर बाहेर काढून नुसते टेकवा. खांदे खाली सोडा, दातांवर दात असतील तर सोडवा. मूठ आवळली की दंड ताठ होतो, दंड ताठ झाला की गाडी बारीक बारीक डुलते, आणि तेच पाहून माणूस 'गाडी माझ्या ताब्यात नाही' म्हणतो.

श्वास : नाकाने चार आकडे आत, तोंड बारीक करून सहा आकडे बाहेर. 'खोल श्वास घ्या' हा सल्ला लोक देतात तो इथे उलटा पडतो, कारण हवा आधीच जास्त झालेली असते. भर सोडण्यावर द्यायचा. एसीचा झोत चेहऱ्यावर घ्या.

नजर : दहा-बारा सेकंदांनी आपण जिथे पोचू तिथे, म्हणजे ताशी ७० ला सुमारे दोनशे मीटर पुढे. कठडा जवळ असल्याने सर्रकन मागे पळतो आणि वेग दुप्पट वाटतो. लांबचा रस्ता शांत असतो. डोळे पुढच्या गाडीच्या नंबर प्लेटला चिकटवून ठेवणंही बरं नव्हे. ट्रॉम्बेच्या बाजूला काही अंतर दृश्य झाकणारे पडदे आहेत. काहींना तिथे हायसं वाटतं, काहींना कोंडल्यासारखं. दोन्ही ठीक. मोठ्याने बोला, जे दिसतं तेच : 'निळी व्हॅन, पुढे पाटी, वेग पासष्ट.' वेडेपणा वाटेल, पण जिभेला काम लागलं की श्वास आपोआप आटोक्यात येतो.

डोळ्यांपुढे खरोखरच अंधारी आली, छातीतली कळ हातात किंवा जबड्यात उतरली, तर गोष्ट वेगळी. तेव्हा डावीकडच्या आपत्कालीन पट्ट्यात गाडी घ्या, आता चारही इंडिकेटर लावा, सीटबेल्ट बांधून आतच बसा आणि ११२ ला फोन करा. भीती वाटते एवढ्यासाठी मात्र तिथे थांबू नये. एक तर ते धोक्याचं आणि नियमाविरुद्ध. शिवाय थांबल्यावर पुन्हा गाडी वेगात आणून लेनमध्ये शिरणं हे चालत राहण्यापेक्षा कठीण असतं.

पहिल्या खेपेला उलव्याच्या बाजूने चढा, म्हणजे चढाच्या रॅम्पवर ओळखीचा परिसर असतो. रॅम्पवर मर्यादा ४० ची. तिथेच वेगाची घाई केली की धडधड भीतीची की वेगाची हे कळत नाही. रिकाम्या पोटी जाऊ नका आणि निघण्याआधीचा दुसरा चहा सोडा.

"दोन महिन्यांपूर्वी लायसन्स मिळालं. माजिवड्याच्या पुलाचा चढ आला की घाम फुटतो. मलाही पुलाचा फोबिया आहे का?" (कोलशेत)

बहुधा नाही. एक प्रश्न स्वतःला विचारा : कोंडी नसताना त्याच चढावर भीती वाटते का? नसेल तर तुम्हाला भीती आहे ती गाडी मागे घसरण्याची, आणि तिला मानसोपचार नव्हे, हँडब्रेक लागतो.

चढावर गाडी थांबली की हँडब्रेक पूर्ण ओढा आणि पायाचा ब्रेक सोडा. गाडी जागची हलत नाही, हे आधी नीट अनुभवा. पहिला गिअर. क्लच हळूहळू वर आणा. एका जागी इंजिनाचा आवाज जड होतो आणि बॉनेट किंचित उचलल्यासारखं वाटतं. तिथे पाय थांबवा. हलका ॲक्सिलरेटर, आणि मग हँडब्रेक खाली. गाडी पुढेच जाते. क्लच आणखी वर येऊ द्यायचा तो गाडी हलल्यावर. गाडी बंद पडते ती क्लच एकदम सोडल्याने. मागे घसरते ती हँडब्रेक आधी आणि क्लच नंतर सोडल्याने. वीस वेळा सोसायटीच्या पार्किंगच्या उतारावर करा, मग पुलावर जा. पुढच्या गाडीचे मागचे टायर रस्त्याला टेकलेले दिसतील एवढं अंतर ठेवा. चढावर अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरण्याची सवय मात्र लावू नका. क्लच प्लेट जळते, वास येतो आणि गॅरेजवाला खूश होतो.

"वाशीच्या पुलावर सिग्नलसारखी रांग लागते तेव्हा पूल चक्क हलतो. महाडचं आठवतं. हे धोक्याचं लक्षण नाही का?" (ज्येष्ठ नागरिक, वाशी)

हलणं हे धोक्याचं लक्षण नाही. वजन आलं की गर्डर, म्हणजे खांबांवरची आडवी तुळई, थोडा वाकतो, वजन गेलं की परत येतो. तसं वाकण्याचा हिशेब धरूनच तो बांधलेला असतो. चालत्या गाडीत हे जाणवत नाही, कारण टायर आणि स्प्रिंग स्वतःच त्याहून जास्त हलत असतात. तुम्ही उभे असता आणि शेजारून डंपर जातो तेव्हाच कळतं.

'खटक-खटक' ऐकू येतं ते प्रसरण सांध्यांचं. काँक्रीट तापलं की वाढतं : शंभर मीटर लांबी आणि तीस अंशांचा फरक असेल तर साडेतीन सेंटीमीटरच्या आसपास. ती जागा सोडली नाही तर पूल स्वतःलाच फोडेल. म्हणून सांधा आणि म्हणूनच खांबावर सरकू देणारं बेअरिंग.

महाडजवळ २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा पूल गेला तो ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा होता, आणि नदीला महापूर होता. वाशीचा पहिला खाडीपूल १९७३ चा, दुसरा १९९७ चा, तिसरा अगदी अलीकडचा. यांची जातकुळी वेगळी. नागरिकाने लक्ष द्यावं अशा खुणा दुसऱ्याच आहेत : सांध्यातलं रबर बाहेर लोंबणं, सांध्यापाशी एका बाजूचा रस्ता पायरीसारखा वर-खाली होणं, कठड्याची सरळ रेघ एका ठिकाणी मोडलेली दिसणं, काँक्रीट सुटून गंजलेल्या सळ्या उघड्या पडणं. असं दिसलं तर जागा आणि वेळ लिहून कळवा. सांध्याचा आवाज अचानक बदलला तर तेही कळवण्यासारखं आहे.

"वय ५८. धडधड नाही, भीती नाही. पण वर्सोवा पुलावर आणि मोकळ्या हायवेवर गाडी डावीकडे ओढली जाते असं वाटतं आणि मी उगाच उजवीकडे स्टिअरिंग धरतो. घोडबंदरच्या गर्दीत असं होत नाही." (घोडबंदर रोड)

तुमचं पत्र इतरांपेक्षा वेगळं आहे, तेव्हा वरचे फेऱ्यांचे प्रयोग सध्या करू नका.

आधी गाडी तपासा : चारही चाकांत हवा सारखी आहे का, अलाइनमेंट केव्हा झालं. दुसऱ्या कुणाला तोच पूल चालवायला द्या. त्यालाही गाडी ओढते असं वाटलं तर गाडीच दोषी.

गाडी निर्दोष निघाली तर कान आणि डोळे. तोल सांभाळायला मेंदू आतल्या कानाकडून आणि नजरेकडून बातमी घेतो. घोडबंदरला दोन्ही बाजूंना इमारती, झाडं, बस असतात, नजरेला टेकू मिळतो. पुलावर जवळचं काहीच स्थिर नसतं, मग आतल्या कानातला लहानसा दोषही 'गाडी कलते आहे' असा भास देऊ शकतो. अर्धशिशीचा त्रास असणाऱ्यांतही हे दिसतं. कान-नाक-घसा तज्ज्ञांना नेमकं हेच सांगा : मोकळ्या जागी होतं, गर्दीत होत नाही. तोलाच्या तपासण्या असतात, आणि दोष सापडला तर तोल सुधारण्याचे व्यायामही. अलीकडेच प्रोग्रेसिव्ह चष्मा (एकाच काचेत लांबचा आणि जवळचा नंबर) लागला असेल तर ते सांगायला विसरू नका. त्या काचेच्या कडांना प्रतिमा वाकते आणि पुलाचा कठडा नेमका त्या कडेतच असतो. निदान होईपर्यंत मोकळ्या पुलावर दुसऱ्याला चालवू द्या.

"मैत्रिणीने तिची झोपेची गोळी अर्धी घेऊन पूल पार करायला सांगितलं. चालेल?" (नेरूळ)

नाही. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांनी गुंगी येते आणि ब्रेकवर पाय जायला उशीर होतो. शिवाय पूल गोळीने पार केला असंच मेंदू नोंदवतो, म्हणजे सरावही फुकट. धडधड कमी करणारी प्रोप्रॅनोलॉल हीसुद्धा दम्याच्या रुग्णाला धोक्याची. वारंवार पॅनिक येत असेल तर रोज घेण्याची वेगळी औषधं असतात. ती काही आठवड्यांनी काम करतात आणि ती मानसोपचारतज्ज्ञानेच द्यायची. मैत्रिणीची गोळी मैत्रिणीला परत द्या.

"ऐरोली पुलावरून रोज स्कूटरने मुलुंडला. पावसाळ्यात वारा ढकलतो तेव्हा खाडीत पडेन असं वाटतं." (दिघा)

इथे भीती बरीचशी खरी आहे, म्हणून उपायही रस्त्यावरचेच. पावसाळी वारा नैऋत्येचा. मुलुंडला जाताना तो समोरून-डावीकडून येतो, परतताना मागून-उजवीकडून. जाताना झोत तुम्हाला कठड्यापासून दूर, म्हणजे रहदारीकडे लोटतो. येताना कठड्याकडे. दोन्ही वेळी लेनच्या मधोमध राहा, कडेला चिकटून नव्हे. दोन्ही बाजूंना दोन फूट सरकायला जागा हवी.

सगळ्यात जोराचा हिसका येतो तो ट्रक किंवा बस मागे टाकताना. ती डावीकडे असेपर्यंत वारा अडलेला असतो. तिच्या पुढे निघालात की एकदम लागतो. त्यामुळे पुलावर मोठ्या गाडीला ओव्हरटेक नकोच. वेग ३५-४०. गुडघे आत, कोपर सैल, हँडल घट्ट धरू नका. घट्ट धरलं की तुमचं अंग वाऱ्याने हलतं आणि तेच हलणं हँडलमध्ये जातं. अंग किंचित वाऱ्याच्या बाजूला झुकू द्या. फुगणारा पोंचो टाइप रेनकोट घालू नका, ते शीडच होतं. पँट-शर्टाचा जोड बरा. मागची रिकामी मोठी डिकी आणि पायाशी लटकणारी पिशवी यांनीही वारा धरला जातो. सांध्याच्या लोखंडी पट्टीवर ओल्यात ब्रेक मारू नका आणि तिथे वळूही नका, सरळ जाऊ द्या. झाडं वाकतील असा वारा असेल त्या दिवशी ठाणे-वाशी लोकल धरा. हे टाळणं नव्हे, हा शहाणपणा.

"बायकोला पुलाची भीती आहे. ती चालवते तेव्हा मी शेजारी बसतो. काय बोलू म्हणजे मदत होईल? आतापर्यंत जे बोललो त्याने भांडणंच झाली." (खारघर)

काय बोललात त्याचा अंदाज येतो. 'काही होत नाही गं', 'लहान मुलंसुद्धा जातात', 'दे, मी चालवतो'. यांतलं शेवटचं सगळ्यात वाईट, कारण त्यात प्रेम असतं आणि त्याचा अर्थ 'तुला जमणार नाही' असा पोचतो.

गाडी चालवून देणाऱ्या माणसाची सोय असतेही. अमेरिकेत मिशिगनमध्ये मॅकिनॉ पुलावर, ज्यांना धीर होत नाही त्यांची गाडी पुलाचे कर्मचारी पलीकडे नेऊन देतात. प्रवासात अडकलेल्याला ती फार मोठी मदत. पण खारघरहून रोज मुंबईला जाणाऱ्या माणसाला ती सवय होऊन बसते. तुम्ही सध्या तिचे मॅकिनॉवाले झाला आहात.

घरी, गाडीत बसण्याआधी ठरवा : आज किती फेऱ्या, कोणती लेन, आणि थांबायचं झालं तर कुठे. ते ठरलं की पुलावर बदलायचं नाही, तिनेही नाही आणि तुम्हीही नाही. पुलावर तुम्ही बोलायचं ते फक्त तिने विचारलं तर, आणि तेही रस्त्याबद्दल : 'मागे बस आहे, लांब आहे.' तुमचा उजवा पाय काल्पनिक ब्रेकवर दाबला जातो तो तिला डोळ्यांच्या कडेतून दिसतो, तेव्हा पाय सीटखाली ओढून घ्या. दारावरचं हँडल घट्ट धरू नका. फोनमध्येही डोकं घालू नका. ती एकटी आहे असं वाटायला नको आणि परीक्षा चालली आहे असंही.

तिसऱ्या-चौथ्या बैठकीला मागच्या सीटवर बसा. त्यानंतर ऐरोली पुलाच्या पलीकडे मुलुंडला उतरून थांबा आणि तिला एकटीला दोन फेऱ्या मारू द्या. तिथे उभं राहून दर मिनिटाला फोन करू नका. फोन वाजला की तिला वाटतं काहीतरी झालं. गाडी परत आली की 'बघ, म्हटलं नव्हतं?' हे वाक्य गिळा. वही पुढे करा आणि विचारा, सगळ्यात वरचा आकडा किती होता. तिने सात सांगितला तर सातच लिहा.